फुटाला एक इंच

१९२१ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या उन्हाळी प्रदर्शनात प्रिन्सेस मारी लुईझ आणि वास्तुविशारद एडविन लुटियन्स यांची गाठ पडली. बोलण्याच्या ओघात प्रिन्सेसनी मनातली गोष्ट काढली. राणी मेरी यांना एक बाहुलीघर भेट द्यायचे आहे, त्याचा आराखडा तुम्ही कराल का? मारी लुईझ या व्हिक्टोरिया राणीच्या नात आणि मेरी यांच्या बालमैत्रीण. लुटियन्स तेव्हा ५२ वर्षांचे होते आणि कामात गळ्यापर्यंत बुडालेले होते. महायुद्धात पडलेल्या सैनिकांचे लंडनमधले स्मारक, सेनोटाफ, आदल्याच वर्षी पुरे झाले होते. युद्धभूमीवरच्या दफनभूमींची कामे चालू होती आणि दर हिवाळ्यात दिल्लीला जाऊन व्हाइसरॉयच्या प्रासादाचे बांधकाम पाहावे लागत होते. तरीही त्यांनी होकार दिला. एवढेच नव्हे, तर साध्या भेटवस्तूच्या कल्पनेचे रूपांतर त्यांनी तीन वर्षे चालणाऱ्या बांधकामात केले.

राणी मेरी यांना लहान वस्तूंचा खरोखरच नाद होता. चिमुकली चांदीची भांडी, बोटभर उंचीचे फर्निचर, नखाएवढ्या चौकटीतली चित्रे त्या हौसेने जमवत आणि जुनी बाहुलीघरे स्वतः सजवत. याच राणी २ डिसेंबर १९११ रोजी पाचव्या जॉर्ज यांच्याबरोबर मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरल्या होत्या. त्या आगमनाचे स्मारक म्हणून गेटवे ऑफ इंडिया उभा राहिला. प्रत्यक्ष त्या दिवशी मात्र तिथे कमानीची पुठ्ठ्याची प्रतिकृतीच होती, असे सांगतात. दहा दिवसांनी दिल्ली दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेण्याची घोषणा झाली आणि त्या घोषणेतूनच लुटियन्स यांच्याकडे नव्या दिल्लीचे काम आले. राणीच्या बाहुलीघराचा शिल्पकार आणि रायसीना टेकडीवरच्या ३४० खोल्यांच्या प्रासादाचा शिल्पकार एकच, आणि दोन्ही कामे त्याच्या टेबलावर एकाच वेळी पडलेली. या घराची गोष्ट सांगताना हे सतत ध्यानात ठेवावे लागते.

युरोपात बाहुलीघर हा मुळात मुलांचा खेळ नव्हता. १५५८ साली बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्त याने म्युनिकमध्ये एक बाहुलीघर करवून घेतले. पुढे ते आगीत जळाले, पण त्याची नोंद राहिली. सतराव्या शतकात न्युरेंबर्गच्या कारागिरांनी बनवलेली घरे मुलींना गृहव्यवस्था शिकवण्यासाठी वापरली जात. आपल्याकडची भातुकली मुलींच्या हातात असते, तिच्यात खोटा का होईना पण स्वयंपाक होतो. ही घरे मात्र बरीचशी कपाटात बंद असत आणि पाहुण्यांना उघडून दाखवली जात.

त्यांतले सर्वांत देखणे ॲमस्टरडॅमचे. रेशमाचे व्यापारी योहानेस ब्रांट यांच्याशी १६८६ मध्ये लग्न झालेल्या पेट्रोनेला ओर्टमन यांनी पुढची वीसेक वर्षे आपल्या बाहुलीघरावर खर्च केली. कासवाच्या पाठीचे आणि कथिलाचे जडावकाम केलेले कपाट, त्यात नऊ खोल्या, आणि प्रत्येक वस्तू त्या त्या धंद्यातल्या कारागिराकडून करून घेतलेली. टोपल्या विणल्या बुरुडाने, चांदी घडवली सोनाराने, चिनी मातीची भांडी आली थेट पूर्वेकडून, जहाजाने. एकूण खर्च २०,००० ते ३०,००० गिल्डर झाला, असा अंदाज आहे. तेवढ्या पैशात ॲमस्टरडॅमच्या कालव्याकाठी खरे घर मिळत असे. आज ते राइक्सम्युझियममध्ये आहे आणि लोक त्याच्यासमोर पायऱ्या चढून उभे राहतात, कारण वरच्या खोल्या डोळ्यांच्या पातळीच्या वर आहेत.

मारी लुईझ यांच्या मनात ही परंपरा होतीच. शिवाय ताजे उदाहरण समोर होते. सर नेव्हिल विल्किन्सन यांनी मुलीसाठी डब्लिनच्या सुतारांकडून १९०७ पासून बांधून घेतलेला ‘टायटानियाज पॅलेस’ जुलै १९२२ मध्ये पुरा झाला, आणि त्याचे उद्घाटन खुद्द राणी मेरी यांनीच केले. तो परीराणीचा महाल होता. लुटियन्स यांना परीकथा नको होती. १९२० च्या दशकातल्या इंग्लंडात राजा-राणी जसे राहतात, तसे घर त्यांना हवे होते. त्यात पाणी वाहावे, दिवे लागावेत, कुलपे किल्लीने उघडावीत.

यामागे काळाची गरजही होती. युद्ध संपून अडीच-तीन वर्षे झाली होती, बेकारी वाढलेली होती, आणि हातकामाचे जुने धंदे यंत्रांपुढे कोसळत होते. ब्रिटनमधल्या उत्तम कारागिरांनी एकत्र येऊन केलेली भेट राणीला द्यायची, ती लोकांना दाखवायची आणि तिकिटाचे पैसे राणीच्या धर्मादाय कामांना द्यायचे, असा बेत ठरला. मारी लुईझ यांनी स्वतः सुमारे २,००० पत्रे लिहिली. चित्रकार, लेखक, संगीतकार, गालिचे विणणारे, बंदुका घडवणारे, जॅम बनवणारे, मोटारी बांधणारे, सर्वांना एकच विनंती होती: तुमचे नेहमीचेच काम करा, फक्त बारा पट लहान. अखेर या घराला सुमारे १,५०० जणांचा हात लागला.

बारा पट, म्हणजे फुटाला एक इंच. इंग्रजी मापांत हे प्रमाण सोयीचे आहे. सुताराला हिशेब करावाच लागत नाही. सहा फुटांचा दरवाजा असेल तर सहा इंचांचा करायचा. पण सोय इथेच संपते. लांबी बारा पट कमी केली की पृष्ठभाग १४४ पट कमी होतो आणि घनफळ १,७२८ पट. पाऊण लिटर वाइनची बाटली या प्रमाणात आणली तर तिच्यात अर्धा मिलिलिटरही मावत नाही. कागद तर ऐकतच नाही. साधा कागद एक दशांश मिलिमीटर जाड असतो, आणि त्या घराच्या दृष्टीने तो सव्वा मिलिमीटरचा पुठ्ठा ठरतो. कापडाचे तेच. सुती चादर कितीही लहान कापली तरी तिचे सूत लहान होत नाही, म्हणून ती पलंगावर पडण्याऐवजी ताठ उभी राहते. पाण्याला तर प्रमाणाचे काहीच पडलेले नसते. तोटीतून गळणारा थेंब मोठ्या घरात जेवढा असतो तेवढाच छोट्या घरातही असतो. तिथल्या बेसिनमध्ये तो लिंबाएवढा दिसतो.

बाहुलीघराचा छंद ज्यांनी केला आहे त्यांना ही अडचण पहिल्या आठवड्यातच कळते. वस्तू लहान करणे सोपे असते. तिने खऱ्या वस्तूसारखे वागावे, यात सगळी मेहनत जाते. राणी मेरी यांच्या घरात ही मेहनत जागोजाग दिसते, आणि माझ्या मते त्या घराचे खरे मोल तिथेच आहे.

सांगाडा बांधला रग्बी गावच्या पार्नेल कंपनीने. घर बाहेरून लाकडी, पण कोरून आणि रंगवून पोर्टलँड दगडाचे भासवलेले. घडण ख्रिस्तोफर रेनच्या काळातल्या राजवाड्यांची आठवण करून देणारी. समोरची भिंत बिजागरीवर उघडण्याची जुनी पद्धत लुटियन्स यांनी टाळली. त्या पद्धतीत भिंत आणि खोल्या यांचा संबंध तुटतो आणि खिडकीतून येणारा उजेड खोटा पडतो. त्यांनी चारही बाजूंच्या भिंती छपरासकट एका कवचासारख्या केल्या आणि ते कवच विजेच्या मोटरीने वर उचलले जाईल अशी योजना केली. कवच उचलले की चारही बाजूंनी खोल्या मोकळ्या. खाली चौथऱ्यात यंत्रसामग्री, पाण्याच्या टाक्या आणि खण. पुढची दोन वर्षे हे घर लुटियन्स यांच्या मॅन्सफील्ड स्ट्रीटवरच्या राहत्या घराचा दिवाणखाना अडवून बसले होते. सुतार, रंगारी, वीजतंत्री यांची तिथे ये-जा असे, आणि राणीही काम कुठवर आले ते पाहायला येत.

न्हाणीघरांतल्या चांदीच्या तोट्यांतून गरम आणि गार पाणी येते, टबातले पाणी खालच्या टाकीत उतरते आणि संडासाची साखळी ओढली की पाणी वाहते. राणीच्या न्हाणीघराची फरशी शिंपल्याची आहे. लिफ्ट मजल्यामजल्यावर थांबते. दाराशेजारचे बटण दाबले की दिवा लागतो. दारांची कुलपे किल्लीने उघडतात. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ने दिलेल्या ग्रामोफोनवर सव्वा इंचाच्या आसपासची तबकडी फिरते आणि राष्ट्रगीत वाजते. ब्रॉडवुड कंपनीचा ग्रँड पियानो आहे. पर्डीच्या बंदुका मधोमध मोडून उघडतात. गाडीखान्यात डेमलर, लँचेस्टर आणि रोल्स-रॉइस उभ्या आहेत.

पण या घरात सर्वांत जास्त वेळ थांबावे ते स्वयंपाकघरापाशी आणि कोठीपाशी. स्वयंपाकघराची जमीन ओकच्या २,५०० हून अधिक चौकोनी तुकड्यांची आहे, एकेक हाताने बसवलेला. चुलीजवळ तांब्याची पातेली उतरंडीने लावली आहेत. कोठीत कोलमनची मोहरी आहे, ट्विनिंगचा चहा आहे, मुरंब्याच्या बरण्या आहेत, आणि शेजारी उंदराचा पिंजराही आहे. तळघरातल्या दारूच्या बाटल्या बेरी ब्रदर्स या लंडनच्या जुन्या दुकानाने भरल्या आणि त्यांत खरे मद्य घातले. १८७५ ची शातो लाफित त्यांत आहे. तळघराच्या दारामागे कुठली बाटली किती शिल्लक याची वहीदेखील आहे. लिनन पाहावे: टेबलावरचे रुमाल, पलंगपोस, उशांचे अभ्रे, सगळ्यांवर राजचिन्ह कशिद्याने भरलेले. एका कशिदाकार बाईंना हे काम करायला १,५०० तास लागले.

जवाहिरखान्यात राजमुकुटाच्या प्रतिकृती आहेत, आणि साहजिकच प्रेक्षकांची नजर तिकडे जाते. मला मात्र मोलकरणींच्या सामानाची खोली महत्त्वाची वाटते. झाडू, बादल्या, भांडी घासायचे ब्रश. एका राजघराण्याला स्वच्छ ठेवण्यासाठी किती हात लागतात, हे मुकुट सांगत नाहीत, त्या बादल्या सांगतात. लुटियन्स यांना हे ठाऊक होते. त्यांनी आयुष्यभर श्रीमंतांचे वाडे बांधले होते आणि वाडा मागच्या जिन्याने चालतो हे त्यांना शिकवावे लागले नसते. या घरात राजा-राणीच्या बाहुल्या नाहीत. खोल्या कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारख्या आहेत, आणि त्यामुळे नोकरांच्या खोल्या आणि मालकांच्या खोल्या एकाच तोलाने पाहता येतात.

भिंती आणि छते रंगवायला त्या काळचे नावाजलेले चित्रकार होते. एडमंड ड्युलाक यांनी मुलांच्या खोलीच्या भिंतींवर परीकथा रंगवल्या. विल्यम निकल्सन यांनी जिन्याच्या भिंतीवर आदम आणि इव्ह यांची नंदनवनातून हकालपट्टी चितारली. आल्फ्रेड मनिंग्ज यांचे घोड्यावरच्या युवराजाचे चित्र जेवणघरात लागले. चौथऱ्यातला एक खण ओढला की त्यातून बाग बाहेर येते. तिची आखणी गर्ट्रूड जेकिल यांनी केली. लुटियन्स यांनी तरुणपणापासून ज्यांच्याबरोबर इंग्लंडभर घरे आणि बागा उभारल्या त्या याच. जेकिल तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या, त्यांची दृष्टी फार अधू झाली होती, आणि तरीही फुलझाडांच्या जागा त्यांनी नेहमीच्याच काटेकोरपणे ठरवल्या.

ग्रंथालयाची हकीकत वेगळी सांगायला हवी. निबंधकार ई. व्ही. लुकस यांच्या देखरेखीखाली लेखकांकडे सुमारे दीड इंचाची कोरी पुस्तके पाठवली गेली. त्यांनी स्वतःच्या हाताने त्यात काही लिहून परत पाठवायचे, मग सँगॉर्स्की अँड सटक्लिफ ही नामांकित पेढी त्यांना कातडी बांधणी करणार. १७० हून अधिक लेखकांनी तसे केले. त्या पुस्तकांशेजारी रेल्वेचे ब्रॅडशॉ वेळापत्रकही आहे, कारण राजवाड्यातही गाडीची वेळ बघावी लागते. आर्थर कॉनन डॉयल यांनी एक छोटी होम्सकथा लिहिली. वॉटसन होम्सच्याच पद्धतीने अनुमाने काढतो आणि प्रत्येक अनुमान चुकते. ए. ए. मिल्न यांनी ‘व्हेस्पर्स’ दिली. मिल्न यांच्या अस्वलाला पुढे ज्यांनी रूप दिले त्या ई. एच. शेपर्ड यांनीच या ग्रंथालयाच्या पुस्तकांवर चिकटवायची नावपट्टी काढली. एम. आर. जेम्स यांनी एका पछाडलेल्या बाहुलीघराची भयकथा दिली. राणीला भेट द्यायच्या बाहुलीघरात पछाडलेल्या बाहुलीघराची कथा ठेवायची, हे धाडस त्यांनाच शोभले.

रुडयार्ड किपलिंग यांनी आपल्या कविता स्वतःच्या अक्षरात उतरवल्या आणि शेजारी स्वतः चित्रेही काढली. किपलिंग यांचा जन्म १८६५ चा, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारातला. त्यांचे वडील लॉकवुड किपलिंग तिथे शिकवत. या जे. जे. स्कूलचा संबंध पुढे पुन्हा येणार आहे.

सगळेच तयार झाले नाहीत. बर्नार्ड शॉ यांनी नकार दिला, तोही फारशा सौजन्याने नाही. संगीतकारांना छोट्या स्वरलिपी मागितल्या होत्या. गुस्टाव्ह होल्स्टसारख्यांनी त्या दिल्या. एडवर्ड एल्गर यांना मात्र आपल्यासारख्याकडे बाहुल्यांसाठी संगीत मागणे हा कलेचा अपमान वाटला. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. बेकारीच्या दिवसांत राजघराण्यासाठी खेळणे बांधणे ही गोष्ट सर्वांना गोड वाटावी असे काही नव्हते. पण याच मागणीला व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट यांनी दिलेले उत्तर पाहावे. त्यांनी एका अदृश्य, कालातीत स्त्रीची गोष्ट लिहिली. ती सिंड्रेला, निद्रिस्त राजकन्या यांच्या कथांमधून हिंडून आलेली असते आणि आता या नव्या घरात लपून राहायला येते. शतके ओलांडून जाणारी अशीच एक व्यक्तिरेखा काही वर्षांनी, १९२८ मध्ये, व्हर्जिनिया वुल्फ यांच्या ‘ऑर्लँडो’त अवतरली, आणि ती व्हिटा यांच्यावरूनच बेतलेली होती. फालतू म्हणून नाकारता आले असते अशा कामात एका लेखिकेला जागा सापडली.

घराचे काम चालू असताना लुटियन्स यांचे दिल्लीतले दिवस कडवट चालले होते. सचिवालयाच्या दोन इमारती बांधणारे हर्बर्ट बेकर यांच्याशी त्यांचा रस्त्याच्या चढावरून वाद होता. राजपथावरून चालत येणाऱ्याला चढाच्या एका टप्प्यावर व्हाइसरॉयचा प्रासाद दिसेनासा होतो, हे १९१६ च्या सुमारास लुटियन्स यांच्या लक्षात आले. चढ बदलावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे अर्ज-विनंत्या केल्या, पण खर्चाचे कारण पुढे करून त्या फेटाळल्या गेल्या. आजही त्या रस्त्यावरून, आताच्या कर्तव्यपथावरून, जाताना तो घुमट मध्येच बुडतो. मॅन्सफील्ड स्ट्रीटवरच्या दिवाणखान्यात मात्र एकही समिती नव्हती. तिथे त्यांनी आखलेली रेघ आखली तशीच राहत होती. एका पिढीतल्या सर्वांत व्यग्र वास्तुविशारदाने या कामाला इतका वेळ का दिला, याचा थोडा उलगडा मला यात होतो.

२३ एप्रिल १९२४ रोजी पाचव्या जॉर्ज यांनी वेम्बली येथे ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनाचे उद्घाटन केले. वसाहतींची दालने, कोळशाची खाण, करमणुकीचे पाळणे, लोहमार्ग, सगळे एका गावाएवढ्या मैदानावर. कलादालनात राणीचे बाहुलीघर ठेवले होते. ते पाहण्यासाठी रांगा लागल्या आणि १६ लाखांहून अधिक लोक त्याच्यासमोरून गेले. एवढी गर्दी म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला काही क्षणच आले असणार. ज्यांना निवांत पाहता आले नाही त्यांच्यासाठी त्याच वर्षी घराचे वर्णन करणारा दोन खंडांचा ग्रंथ निघाला.

त्याच मैदानावर आणखी एक सजवलेली खोली होती, पूर्ण आकाराची. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या पाठबळाने जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये भित्तिचित्रांचा वर्ग सुरू झाला होता. मुख्याध्यापक ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली तिथल्या विद्यार्थ्यांनी भिंती आणि छत रंगवून एक ‘इंडियन रूम’ तयार केली आणि ती वेम्बलीला पाठवली. एकीकडे राणीच्या घराची बारा पट लहान केलेली खोली, दुसरीकडे मुंबईच्या तरुणांनी बोटीने पाठवलेली माणसाच्या मापाची खोली. मराठी वाचकाच्या मनात आज वेम्बली म्हणजे फक्त फुटबॉलचे मैदान असते. १९२४ मध्ये तिथे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या रंगाचे नमुने होते. पुढे दिल्लीच्या सचिवालयात भित्तिचित्रांची कामे निघाली तेव्हा जे. जे. च्या परंपरेतले चित्रकार तिथे गेले, एम. व्ही. धुरंधर त्यांत होते. आणि अपोलो बंदरावर १९११ मध्ये पुठ्ठ्यात दिसलेली ती कमान, जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याने दगडात पुरी होऊन, ४ डिसेंबर १९२४ रोजी, म्हणजे वेम्बलीच्याच वर्षात, व्हाइसरॉय रीडिंग यांच्या हस्ते खुली झाली.

१९२५ मध्ये घर लंडनच्या आयडियल होम प्रदर्शनात दाखवले गेले आणि त्याच वर्षी जुलैत विंडसरच्या किल्ल्यात कायमचे हलवले गेले. त्यासाठीच्या खोलीची रचनाही लुटियन्स यांनीच केली. रायसीना टेकडीवरचा प्रासाद १९२९ मध्ये राहण्याजोगा झाला. तिथल्या मुलांच्या खोलीसाठी त्यांनी जी झुंबरे काढली त्यांत कोंबड्या आणि फुटलेली अंडी आहेत. असे दिवे करण्याचा आत्मविश्वास मॅन्सफील्ड स्ट्रीटवरच्या त्या दोन वर्षांतून आला, असे म्हणायला मला आवडते.

वेम्बलीनंतर फुटाला एक इंच हे प्रमाण छंद करणाऱ्यांचे जवळजवळ कायमचे माप झाले. शिकागोच्या नार्सिसा थॉर्न यांनी १९३० च्या दशकात युरोपीय आणि अमेरिकी घरांच्या खोल्या याच मापात करवून घेतल्या. त्यांतल्या ६८ आज तिथल्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. मूकपटांतील अभिनेत्री कोलीन मूर यांनी १९३५ मध्ये आपला परीमहाल पुरा केला आणि मंदीच्या काळात मुलांच्या मदतनिधीसाठी गावोगाव नेला. सर्वांत अनपेक्षित उपयोग केला फ्रान्सिस ग्लेसनर ली यांनी. १९४० च्या दशकात त्यांनी संशयास्पद मृत्यूंची दृश्ये बाहुलीघराच्या खोल्यांत उभी केली, पोलिसांना तपास शिकवण्यासाठी. भिंतीवरचा डाग, दारामागची किल्ली, कॅलेंडरचे पान, सगळे खऱ्या प्रकरणांवरून घेतलेले. मृत बाहुल्यांचे मोजे त्यांनी टाचण्यांवर विणले, कारण साध्या सुयांचा टाका त्या पायाला मोठा पडत होता. त्यांतल्या १८ खोल्या बाल्टिमोरमध्ये अजूनही प्रशिक्षणासाठी वापरल्या जातात. विंडसरच्या चादरींना आणि बाल्टिमोरच्या मोज्यांना भेडसावणारी अडचण एकच आहे, आणि दोन्हीकडे ती जाड सूत टाळूनच सुटली.

व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट यांची ती गोष्ट ९५ वर्षे त्या दीड इंचाच्या पुस्तकातच राहिली. २०१७ मध्ये राजघराण्याच्या कलासंग्रहाने ती पहिल्यांदा छापली आणि सामान्य वाचकाला ती नेहमीच्या आकारात वाचता आली. घराच्या शतकपूर्तीच्या वर्षी, २०२४ मध्ये, राणी कॅमिला यांच्या पुढाकाराने २० नवी छोटी पुस्तके तयार झाली. टॉम स्टॉपार्ड, ज्युलिया डॉनल्डसन, बेन ओक्री, बर्नर्डीन एव्हरिस्टो अशांनी मजकूर दिला. पहिल्या ग्रंथालयात साम्राज्याबद्दल लिहिणारे पुष्कळ होते, त्याच्या वसाहतींतून वर आलेल्या घराण्यांतले लेखक मात्र या दुसऱ्या खेपेस आले: ओक्री नायजेरियात जन्मलेले, एव्हरिस्टो यांचे वडील तिथलेच. ही पुस्तके विंडसरमध्ये जुन्या पुस्तकांबरोबर दाखवण्यात आली, आणि त्यांचे माप लुकस यांनी १९२० च्या दशकात पाठवलेल्या कोऱ्या पुस्तकांच्या मापाशी जुळवून घेतलेले होते.